लाडूचं बीळ : नाशिकच्या कोरड्या हवेत बॉल पायथन सांभाळताना

लाडू हा आमचा बॉल पायथन जातीचा साप. तो घरात आला मुलाच्या हट्टानं आणि राहिला माझ्या गळ्यात. मुलगा तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जाताना म्हणाला, "आई, पंधरा-वीस दिवसांतून एकदा खायला द्यायचं, बाकी काही नाही." या 'बाकी काही नाही'त काय काय बसतं, ते मला पहिल्याच जानेवारीत कळलं.

मखमलाबाद रस्त्याला आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. टोमॅटो, ढोबळी, कोबी. कोकोपीट (नारळाचा भुसा) भिजवणं, शेडनेटमधली हवा दमट ठेवणं, रोपं कोलमडली की कारण शोधणं हे माझं वीस वर्षांचं काम. त्यामुळे चार फुटांच्या सापाला हवा तेवढा ओलावा द्यायचा म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं वाटलं होतं. सगळ्यात मोठी चूक त्याच तोऱ्यात झाली. ती पुढे सांगते.

आधी कागदपत्रांचं, कारण लोक पहिल्यांदा हेच विचारतात. नाग, धामण, मांडूळ, अजगर, कुठलाही आपल्याकडचा साप घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शेतात किंवा घरात साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. बरणीत भरून "आठ दिवस ठेवू, मग सोडू" असलं काही करू नका. लाडू बॉल पायथन आहे, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. ही जात साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी करावी लागते. ज्याच्याकडून साप घेताय त्याच्याकडे कागद नसतील तर तिथूनच मागे फिरा. हे प्राणी वीस-पंचवीस वर्षं सहज जगतात. तेवढी वर्षं लपवाछपवी कोणी करायची?

आता मूळ मुद्दा.

नाशिकला सगळे थंड हवेचं गाव म्हणतात, कोरड्या हवेचं कोणी म्हणत नाही. पण दिवाळीचं उटणं संपतं न संपतं तोच ओठ फुटायला लागतात, टाचांना भेगा पडतात, ते थेट वळवाच्या पावसापर्यंत. त्यातही दोन कोरडेपण आहेत आणि दोघांची तऱ्हा वेगळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंड कोरडं, मार्च ते मे तापलेलं कोरडं. माझ्या शेडबाहेरचा मीटर एप्रिलच्या दुपारी पंधरा-वीस टक्के आर्द्रता दाखवतो. बॉल पायथनला पेटीत ५५ ते ६५ टक्के लागते, कात टाकायच्या दिवसांत ७० पर्यंत.

गंमत अशी की हा साप ज्या प्रदेशातून येतो तिथलीही हवा काही बारमाही दमट नाही. घाना, टोगो, बेनिन या देशांत हिवाळ्याच्या महिन्यांत सहाराकडून हरमॅटन नावाचा धुळीचा, कोरडा वारा येतो. तरी तिथले साप तडकत नाहीत, कारण ते बाहेर नसतातच. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात बसतात, आणि जमिनीखाली ओलावा टिकलेला असतो. हे लक्षात आल्यावर माझं काम अर्धं झालं. अख्खी पेटी भिजवायची नाही. हवा बेताची दमट, जमीन वरून कोरडी, आणि आत एक ओलं बीळ, एवढंच करायचं.

हे न कळल्यामुळे मी काय केलं ते ऐका. पहिल्या जानेवारीत लाडूनं कात टाकली ती तुकड्यातुकड्यांत. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलल्यावर खाली टरफलं पडलेली असतात ना, तशी पेटीभर. निरोगी सापाची कात पायमोजा उलटा काढावा तशी सलग, डोळ्यांच्या चकत्यांसकट येते. लाडूच्या पाठीवर पापुद्रे आणि शेपटीच्या टोकाला घट्ट वळं राहिलं होतं. एका दुकानदारानं सांगितलं, खोबरेल चोळा. चोळलं. पापुद्रे गेले नाहीत, उलट सगळं अंग तेलकट होऊन त्याला कोकोपीटचा भुसा चिकटला. साप कमी आणि पुरणात घोळलेली गवार जास्त दिसत होता. तेल लावू नका. सुटायची राहिलेली कात पाण्यानं सुटते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. रोपवाटिकेतला फवारणीचा हातपंप आणला आणि सकाळ-संध्याकाळ पेटीत धुकं करायला लागले, झाकणावर प्लास्टिक ताणून. मीटर ८५ वर. मी खूश. पंधरा-वीस दिवसांनी पोटाचे खवले गुलाबी झाले, मग त्यावर बारीक पाणफोड आले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पोट उलटं करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "खाली ओलं असतं का?" मान खाली गेली माझी. द्राक्षवाल्यांच्या गावात राहून मला हे कळू नये? पानावर पाणी रात्रभर राहिलं की डाऊनी हा वेलीचा रोग येतो, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. सापाच्या पोटाचंही तेच आहे. हवा दमट असली तर बिघडत नाही, पण ओल्या जमिनीवर पोट टेकून बसला आणि वारा खेळता नसला की खवले कुजतात. पुढचे दोन महिने लाडू कोऱ्या कागदावर राहिला, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं, रोज कागद बदलला. दोन काती पडल्यावर पोट पुन्हा पांढरं झालं.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी

घड्याळासारखा काट्याचा मीटर घेऊ नका. माझा उन्हाळा-पावसाळा दोन्हीत ५० दाखवायचा. सुटा सेन्सर असलेला डिजिटल घ्या आणि तो खरा बोलतो का ते घरातच तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यावर पाण्याचे चार-पाच थेंब टाकायचे. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर हा मीटर पाच कमी सांगतो, असं चिकटपट्टीवर लिहून पाठीला लावून टाका. असे दोन मीटर पेटीत लागतात, एक उबेच्या बाजूला (जिथे हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, असते), एक थंड बाजूला. मधोमध एकच लावला तर तो कुठल्याच बाजूचं खरं सांगत नाही.

पेटी

मुलानं आणलेली पेटी काचेची होती, वर जाळीचं झाकण. दिसायला झकास, पण ओलावा त्या जाळीतून सरळ वर जातो. तुमच्याकडे तीच असेल तर जाळीचा दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्यानं झाका. बल्ब असेल तर त्याच्याजवळचा भाग मात्र उघडाच ठेवा. मी शेवटी किचन ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराकडून पीव्हीसी बोर्डाची चार फूट बाय दोन फूट पेटी करून घेतली, पुढे सरकत्या काचा. "काय ठेवणार ताई, भांडी?" असं त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. सांधे सिलिकॉननं भरले की व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवायची आणि मगच साप आत. हवेची भोकं समोरासमोरच्या दोन बाजूंना हवीत, एक खाली आणि एक वर, म्हणजे हवा हलती राहते.

खाली तीन इंच कोकोपीट. इथे माझं घरचंच दुकान असल्यामुळे एक ताकीद देते. रोपवाटिकेतून तयार भिजवलेलं कोकोपीट उचलून आणू नका. आम्ही त्यात खत मिसळलेलं असतं, बुरशीनाशकही असू शकतं. कोरडी वीट आणा, भिजवून दोन पाण्यांनी धुवा, कारण नारळाच्या भुश्यात मीठ असतं, आणि सावलीत वाळवा. पाणी वरून फवारायचं नाही. थंड बाजूच्या दोन कोपऱ्यांत भिंतीलगत तांब्यानं हळूच सोडायचं, दोन्ही मिळून अर्धा लिटर. ते तळाला पसरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि खालचा हळूहळू वाफ सोडत राहतो. माझ्याकडे हे पाणी हिवाळ्यात पाच-सहा दिवस पुरतं, एप्रिलमध्ये तीनच. वरच्या थरावर तळहात दाबा. हाताला ओल लागली तर जास्त झालं.

बीळ

घट्ट झाकणाचा डबा घ्या, ज्यात साप गोल वळून बसल्यावर अंग तिन्ही बाजूंनी टेकेल. मोठा नको. बॉल पायथनला खेटून बसायला आवडतं, मोकळ्या डब्यात तो जातच नाही. बाजूला त्याच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट भोक पाडा आणि कडा कानशीनं घासून गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम मॉस भरा, ऑर्किडवाल्या नर्सरीत मिळतं ते वाळवलेलं शेवाळ. मॉस भिजवून असं पिळायचं की मुठीत आवळल्यावर एखादाच थेंब सुटावा. आम्ही ट्रे भरायच्या आधी कोकोपीट असंच तपासतो. डबा उबेच्या बाजूच्या सीमेवर ठेवायचा, थेट हीट मॅटवर नाही. आठवड्यानं मॉस नाकाला लावून बघा. पावसाळी मातीचा वास आला तर ठीक, ओल्या चपलेचा आला तर सगळं फेकून नवीन.

दुसरं बीळ मातीचं आहे आणि लाडूचं ते जास्त लाडकं. जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून आणलेली बिनरंगाची कुंडी, एका बाजूनं कापून पालथी घातलेली. अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवली की दीड-दोन दिवस ती माठासारखी झिरपत राहते. आत गारवा आणि ओलावा दोन्ही. मात्र कुंडीच्या बुडाचं पाण्याचं भोक आधी सिमेंटनं बुजवा. सापाला भोक दिसलं की तो डोकं घालणारच, आणि खवले मागे फिरत नसल्यामुळे अडकला की निघत नाही.

पाण्याचं भांडं जड आणि रुंद हवं, त्यानं टेकलं तरी न लवंडणारं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून सकाळी भरते, रोज बदलते. साप तासन्‌तास पाण्यात बसून राहायला लागला तर "उकडत असेल बिचाऱ्याला" म्हणून सोडून देऊ नका. तापमान बघा, आणि हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला मोहरीहून बारीक काळे ठिपके हलतायत का बघा. त्या गोचिडांसारख्या माइट्स असतात. त्यांना बुडवायला साप पाण्यात बसतो.

थंडी आणि ऊन

हिवाळ्यात फसगत होते ती अशी. पेटी गार पडते म्हणून आपण ऊब वाढवतो, आणि त्या उबेनंच हवा वाळते. २० अंशांची, ४० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापवली तर मीटर २२ वर येतो. पाणी कुठे गेलेलं नसतं. तापलेल्या हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली असते, आणि मग ती जिथून मिळेल तिथून पाणी ओढते, सापाच्या अंगातूनही. म्हणून ऊब एक अंशानंही फुकट वाढवू नका. उबेची बाजू ३१-३२, थंड बाजू २५ ते २७, आणि मध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणारं यंत्र, हवाच. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावणं म्हणजे गॅसवर कढई ठेवून गावाला जाणं. सिरॅमिक हीटर आणि बल्ब हवा जास्त वाळवतात. ते लावावेच लागले तर कोपऱ्यातलं पाणी वाढवा.

निफाडकडची थंडी शहरात आली आणि त्याच रात्री वीज गेली, असं आमच्याकडे दोनदा झालं. रबरी पिशवीत गरम पाणी, ती जुन्या टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला, आणि पेटीवर सासूबाईंची गोधडी, भोकं मोकळी ठेवून. सासूबाई सापाच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, पण त्या रात्री गोधडी त्यांनी स्वतःहून काढून दिली.

एप्रिल-मेमध्ये उलटं. आमची वरची खोली दुपारी ३७-३८ ला जाते. ३५ च्या वर बॉल पायथनच्या जिवाला धोका असतो, म्हणून ऊब बंद करून पेटी खालच्या उत्तरेच्या खोलीत आणते. या दिवसांत एसीपेक्षा कूलर बरा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, कूलर घालतो, आणि नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात तो काम चोख करतो. झोत पेटीवर येऊ द्यायचा नाही. टाकीतलं पाणी चार दिवसांनी बदला, नाहीतर त्याचा कुबट वास खोलीभर आणि सापाच्या फुप्फुसात. त्या खोलीत उदबत्ती, मच्छरची कॉइल, डांबराच्या गोळ्या नकोत. पेटीत फिनाईलनं पुसणं तर अजिबात नको.

कातीचे दिवस

अंगाचा रंग मळतो, पोट गुलाबीसर होतं, मग डोळे निळसर दुधाळ होतात. चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत कात पडते. नवे लोक डोळे स्वच्छ झाले की "चुकून दिसलं वाटतं" म्हणून मॉस वाळू देतात. नेमके हेच दिवस ओलाव्याचे. या काळात हातात घ्यायचं नाही, खायला द्यायचं नाही, बिळाचं मॉस दर दोन दिवसांनी भिजवायचं. घासायला एक खरबरीत दगड किंवा लाकूड आत असू द्या. मी गोदावरीच्या काठचा काळा दगड उकळून ठेवला आहे.

कात पडली की कचऱ्यात टाकायच्या आधी उलगडून बघा. डोक्याकडे दोन काचेसारख्या चकत्या आहेत का? शेपटीचं टोक आहे का? टोकाला राहिलेलं वळं दोन-तीन कातींत आवळत जातं आणि रक्त थांबून टोकच वाळून पडतं. पापुद्रे राहिले असतील तर उशीचा सुती अभ्रा कोमट पाण्यात भिजवून पिळा, साप त्यात सोडून तोंड बांधा, आणि तो अभ्रा २८-३० अंशांच्या उबेत अर्धा तास ठेवा, समोर बसून. कापडाला घासत घासत तो स्वतःच बरंचसं काढतो. उरलेलं ओल्या कापडात शेपटीच्या दिशेनं अलगद सरकवायचं, ओढायचं नाही. पाण्याचा अंदाज मनगटावर घ्या; बाळाच्या दुधाइतकंही गरम नको. डोळ्यावरची चकती राहिली तर तिला नख, चिमटा, चिकटपट्टी काहीही लावू नका. पुढच्या कातीला ओलावा नीट ठेवा, बहुतेक वेळा दोन्ही थर एकदम निघतात. नाहीच निघाले तर डॉक्टर.

खाण्याबद्दल थोडंच. आम्ही गोठवलेले उंदीर आणतो. त्यासाठी रोपवाटिकेच्या ऑफिसात वेगळा छोटा फ्रीज आहे, कारण घरच्या फ्रीजबद्दल आमच्या घरात एकदाच आणि कायमचं बोलणं झालं. कोरड्या दिवसांत उंदीर कोमट पाण्यात ठेवून, त्याचा बर्फ पूर्ण वितळवून, निथळता ओलाच देते. तेवढंच पाणी पोटात जातं. नंतर दोन दिवस हात लावत नाही. हिवाळ्यात लाडू दोन-दोन महिने खात नाही. पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आले होते, पण नरांमध्ये हे नेहमीचं आहे. भाजीच्या काट्यावर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहिते. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर काळजी. आणि दूध? दर नागपंचमीला कोणीतरी वाटी घेऊन येतंच. साप दूध पीत नाही, पचवतही नाही. ते दूध आम्ही चहाला वापरतो.

पाणी कमी पडतंय हे ओळखायला मी तीन गोष्टी बघते. वळल्यावर कुशीला सुरकुत्या राहतात का, डोळे आत गेल्यासारखे दिसतात का, आणि विष्ठेबरोबरचा पांढरा खडा खडूसारखा टणक आहे का. एखादं चिन्ह दिसलं तर आधी पाणी आणि मॉस. पण श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सापांना तपासणारे डॉक्टर कमी आहेत, म्हणून साप आणायच्या आधीच एक शोधून नंबर लिहून ठेवा.

जूनमध्ये पाऊस लागला की मी यातलं बरंच बंद करते. कोपऱ्यातलं पाणी थांबवते, मॉस निम्मं करते आणि पेटीची वरची भोकं पूर्ण उघडते. गेल्या वर्षी हे करायला आठवडा उशीर झाला आणि कोकोपीटवर पांढरी बुरशी धरली. या वर्षी कॅलेंडरवर सात जूनला खूण केली आहे. मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो, "मीटर किती?" मग विचारतो, "तू कशी आहेस?"